दगडात कोंडलेले पाणी

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथे, कोलंबिया नदीच्या काठावरच्या उजाड माळावर १९४४ साली एक अजस्र ठोकळा उभा राहत होता. मध्यभागी ग्रॅफाइटची रास आणि तिच्याभोवती आठ ते दहा इंच जाडीचे बिडाचे आवरण. त्या बिडाच्या बाहेर, चारही अंगांना आणि डोक्यावर, एक चमत्कारिक थर रचला जात होता. एक पोलादी प्लेट, मग लाकडाच्या दाबीव तंतूंचा तक्ता, पुन्हा प्लेट, पुन्हा तक्ता. मॅसोनाइट या नावाने तिकडे विकला जाणारा हा तक्ता म्हणजे आपल्याकडचा हार्डबोर्ड. कपाटाची पाठ नाहीतर खोलीतले पार्टिशन करायला वापरतात तो. तिथे राबणाऱ्या हजारो माणसांपैकी बहुतेकांना आपण काय बांधतो आहोत याची कल्पना नव्हती. ड्यू पाँट कंपनीचे अभियंते मात्र या थरांत कुठे फट राहू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभे होते.

प्लुटोनियम मोठ्या प्रमाणावर बनवणारी ही जगातली पहिली अणुभट्टी, ‘बी रिअ‍ॅक्टर’. आणि तिच्या भिंतीत लाकूड!

अणुभट्टीची भिंत म्हटले की डोळ्यांसमोर शिसे येते. शिसे जड असते आणि क्ष-किरण, गॅमा किरण अडवायला ते उत्तमच. पण भट्टीच्या गाभ्यातून गॅमा किरणांबरोबर न्यूट्रॉनही बाहेर झेपावत असतात आणि न्यूट्रॉनला शिशाची फारशी पर्वा नसते. त्याच्यावर विद्युतभार नसल्याने अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो बिनदिक्कत पार होतो. त्याला अडवतो तो फक्त अणुकेंद्राशी होणारा थेट सामना, आणि त्या सामन्यात समोरचा किती वजनदार आहे यावर सगळे ठरते. कॅरमच्या सोंगटीने दुसऱ्या सोंगटीला बरोबर मध्यावर टोला दिला तर मारणारी जागीच थबकते आणि तिचा सगळा वेग दुसरीला मिळतो. तीच सोंगटी लाकडी कडेवर आपटली तर जवळपास त्याच वेगाने परत फिरते. न्यूट्रॉनच्या तोलामोलाची सोंगटी म्हणजे हायड्रोजनचे केंद्र. विखंडनातून निघालेल्या वेगवान न्यूट्रॉनला मंद करायला हायड्रोजनशी सरासरी अठराच टकरा पुरतात. कार्बनशी शंभराहून जास्त लागतात आणि युरेनियमसारख्या जड केंद्राशी दोन हजारांच्या वर. मॅसोनाइट हे मुख्यतः सेल्युलोज आणि सेल्युलोजच्या वजनात सुमारे सहा टक्के हायड्रोजन. हॅनफर्डच्या भिंतीतल्या लाकडाचे कारण हे.

हा धडा दहा वर्षांपूर्वी रोममध्ये जवळजवळ अपघाताने मिळाला होता. पानिस्पेर्ना रस्त्यावरच्या भौतिकशास्त्र संस्थेत एन्रिको फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी निरनिराळ्या मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनचा मारा करून ती किरणोत्सारी होतात का, हे पाहत होते. १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये एदोआर्दो अमाल्दी आणि ब्रुनो पोन्तेकोर्वो यांना एक विसंगती सतावू लागली. चांदीचा तोच नमुना लाकडी टेबलावर ठेवला की संगमरवरी टेबलावर ठेवल्यापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सारी होत होता. २२ ऑक्टोबरच्या सकाळी फर्मी शिशाचा एक काटेकोर घडवलेला तुकडा न्यूट्रॉनच्या वाटेत ठेवणार होते. ऐन वेळी त्यांनी तो बाजूला सारला आणि पॅराफिन मेणाचा तुकडा ठेवला. असे का केले हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. ही आठवण त्यांनी पुढे शिकागोतले आपले सहकारी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना सांगितली आणि चंद्रशेखरांनी ती नोंदवून ठेवली. मेणामुळे चांदीची किरणोत्सारिता अनेक पटींनी वाढली. मेणातला हायड्रोजन न्यूट्रॉनला मंद करत होता आणि मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रांत जास्त सहज शिरत होते. लाकडी टेबलाचे गूढही तिथेच उकलले.

रोमच्या त्या खोलीत हे भौतिकशास्त्र होते. त्याचे बांधकाम व्हायला युद्ध यावे लागले.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या मैदानातल्या प्रेक्षकसज्ज्याखालच्या स्क्वॉश कोर्टात फर्मींनी ग्रॅफाइटच्या राशीत पहिली शृंखला अभिक्रिया चालवली, तेव्हा त्या राशीभोवती संरक्षक भिंत मुळीच नव्हती. शक्ती अवघी अर्धा वॅट. काही बिघडलेच तर राशीवर ओतायला कॅडमियमच्या द्रावणाच्या बादल्या घेऊन तीन तरुण वर उभे केले होते. दहा दिवसांनी शक्ती २०० वॅटपर्यंत नेली आणि मग भर शहरात, उघड्यावर याहून पुढे जाता येणार नाही हे कोणी वेगळे सांगायची गरज उरली नाही. १९४३ च्या सुरुवातीला ती रास सुटी करून शहराबाहेर आर्गॉनच्या जंगलात हलवली आणि तिथे नव्याने रचली. या वेळी भोवती पाच फूट जाडीची काँक्रीटची भिंत होती.

काँक्रीट का? स्वस्त, हवे तसे ओतता येणारे आणि भार पेलणारे, ही उत्तरे कोणीही देईल. न्यूट्रॉनच्या दृष्टीने त्याचा खरा गुण वेगळा आहे. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की पाणी उडून जाऊन काँक्रीट ‘वाळते’ असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सिमेंटच्या वजनाच्या सुमारे पावपट पाणी रासायनिक बंधांत कायमचे अडकते आणि त्याहून आणखी काही सूक्ष्म छिद्रांत दडून राहते. कोरडी ठणठणीत दिसणारी भिंत आतून पाण्याने भरलेली असते. तरीही साध्या काँक्रीटमध्ये हायड्रोजन वजनाच्या एक टक्क्याहून कमीच असतो. भिंत पातळ करायची तर तो वाढवायला हवा, आणि वाढवलेला टिकवायलाही हवा. संरक्षक काँक्रीटचा पुढचा जवळजवळ सगळा इतिहास म्हणजे दगडात पाणी कोंडून ठेवण्याची खटपट आहे.

ही खटपट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाली ती टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे. तिथल्या एक्स-१० भट्टीची रचना एक हजार किलोवॅटची, म्हणजे शिकागोच्या अर्ध्या वॅटच्या वीस लाख पट. चोवीस फुटी ग्रॅफाइटचा घन, त्यात आरपार १,२४८ नळ्या आणि भोवती सात फूट जाडीची भिंत. ही भिंत एकजिनसी नव्हती. आतबाहेर एकेक फूट साधे काँक्रीट आणि मधल्या पाच फुटांत खास मिश्रण: बराइट आणि हेडाइट. बराइट हे बेरियमचे जड खनिज, गॅमा किरणांसाठी. हेडाइट त्याच्या अगदी उलट. शेल जातीचा खडक भट्टीत भाजला की फुगतो आणि आत असंख्य छिद्रे पडतात. स्टीफन हेड नावाच्या वीटभट्टीवाल्याने ही हलकी खडी शोधून १९१८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पहिल्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेने काँक्रीटची जहाजे बांधली, ती अशाच फुगवलेल्या खडीची. जहाजासाठी तिचा हलकेपणा कामाचा होता. ओक रिजमध्ये कामाला आली ती तिची छिद्रे, कारण त्यांत पाणी धरून ठेवता येत होते.

जड आणि हलके एकाच घमेल्यात घालायचे, हा निर्णय कागदावर सोपा दिसतो. ज्याने कधी काँक्रीट ओतताना पाहिले आहे त्याला त्यातली मेख लगेच कळेल. ओल्या मिश्रणात जड खडी तळाशी बसते, हलकी वर तरंगते. असे झाले तर भिंतीचा एक पट्टा बराइटचा आणि एक हेडाइटचा, आणि न्यूट्रॉनला नेमका सोयीचा पट्टा सापडणार. अणुयुगाच्या कथांत फर्मी येतात, ऑपेनहायमर येतात. पाच फूट जाडीच्या त्या थरात खडी विखरू न देता काँक्रीट ओतणाऱ्या माणसांची नावे त्या कथांत सापडत नाहीत. ४ नोव्हेंबर १९४३ च्या पहाटे एक्स-१० सुरू झाली तेव्हा तिच्यासमोर उभे राहता आले, ते या माणसांच्या हातांमुळे.

वर्षभराने हॅनफर्डला पोलाद आणि मॅसोनाइटची जोडी वापरली गेली. त्या जोडीमागचा विचार पक्का होता. अतिवेगवान न्यूट्रॉन हायड्रोजनलाही सहज चकवतो. त्याचा पहिला आवेग मोडायला लोखंडासारखे जड केंद्र बरे. एवढ्या वेगात टक्कर कॅरमच्या कडेसारखी राहत नाही; त्या धक्क्यात लोखंडाचे केंद्र आतून उत्तेजित होते आणि न्यूट्रॉन आपली बरीच ऊर्जा त्याला देऊन बसतो. पण नुसत्या लोखंडाचे भागत नाही, कारण काही विशिष्ट ऊर्जांना लोखंड न्यूट्रॉनसाठी जणू पारदर्शक होते. त्यातली २४ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासची खिडकी प्रसिद्ध आहे. तिच्यातून निसटणाऱ्याला पकडायला मागे हायड्रोजन हवाच. म्हणून प्लेट आणि तक्ता, प्लेट आणि तक्ता.

मॅसोनाइटची खोट होती ती उष्णतेत. तापलेले, किरणोत्सर्ग खाल्लेले सेल्युलोज हळूहळू विघटित होते आणि त्यातला हायड्रोजन वायू होऊन निघून जातो. २५० मेगावॅटसाठी आखलेली बी रिअ‍ॅक्टरची शक्ती शीतयुद्धाच्या काळात वाढत वाढत सुमारे २,००० मेगावॅटपर्यंत नेली गेली. एवढ्या शक्तीला लाकडाचा भरवसा धरणे अवघडच. १९५५ मध्ये हॅनफर्डलाच उभ्या राहिलेल्या दोन ‘के’ भट्ट्यांच्या भिंती जड खडीच्या काँक्रीटच्या होत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या भिंती भट्टीजवळ काम करणाऱ्यांना वाचवत होत्या आणि ते काम त्यांनी चोख केले. मात्र त्याच भट्ट्यांतून एकदाच फिरवलेले थंडावणीचे पाणी थोडा वेळ टाक्यांत ठेवून कोलंबिया नदीत सोडले जात होते, आणि त्याबरोबर किरणोत्सारी पदार्थही. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या सामन मासळीवर जगणाऱ्या मूळ रहिवाशांना कोणत्याही भिंतीचे संरक्षण नव्हते. भिंतीचे कौतुक करताना तिच्या पायथ्याशी वाहणारी ही नदी विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

युद्ध संपले तरी भिंतीचे गणित अंदाजावरच चालले होते. जाडी फूटभर जास्त धरली की निभावते, असा हिशेब जमिनीवर चालून जातो. अमेरिकी नौदलाला पाणबुडीत अणुभट्टी बसवायची होती आणि हवाई दलाला तर विमानात. तिथे फूटभर जास्तीची भिंत म्हणजे सगळी योजनाच बुडाली. ओक रिजमध्ये एव्हरिट ब्लिझर्ड यांच्या पुढाकाराने एक मोजणीची जागा तयार झाली. एक्स-१० च्या भिंतीत मुळातच ठेवलेल्या एका भोकाच्या तोंडाशी युरेनियमची चकती बसवली. भट्टीतले मंद न्यूट्रॉन त्या चकतीवर आदळत, तिच्यात विखंडन होई आणि ताजे, वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडत. समोर पाण्याची मोठी टाकी. त्या पाण्यात लोखंड, शिसे, काँक्रीट, जे तपासायचे त्याची लादी उभी करायची आणि तिच्या मागे इंचाइंचाला मापक सरकवत न्यूट्रॉन मोजायचे. ‘लिड टँक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या साध्यासुध्या रचनेने एका पिढीच्या अभियंत्यांना आकडे पुरवले. जड थरामागे पुरेसे पाणी असेल तर जड थरात एकदा ठेच लागलेला न्यूट्रॉन परत वेग धरू शकत नाही, तो हिशेबातून वजा करता येतो, हा हातचा नियम इथल्याच मोजण्यांवर पक्का झाला. ओक रिजमधून नौदलाच्या प्रकल्पात गेलेल्या थिओडोर रॉकवेल यांनी १९५६ मध्ये संपादित केलेली भट्टी-संरक्षणाची हस्तपुस्तिका पुढे दशकानुदशके टेबलावर राहिली, ती याच आकड्यांच्या बळावर.

न्यूट्रॉन मंद झाला म्हणजे संकट टळले, असेही नाही. मंद न्यूट्रॉन शेवटी कुठल्यातरी केंद्रात शिरतोच आणि शिरताना ते केंद्र बहुधा गॅमा किरण फेकते. हायड्रोजनने गिळला तर २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, लोखंडाने गिळला तर साडेसात दशलक्षांच्याही वरचा. म्हणजे ज्या भिंतीने गॅमा किरण अडवायचे, तीच आपल्या पोटात नवे गॅमा किरण निर्माण करते, आणि तेही बाहेरच्या पृष्ठभागाच्या जवळ. जाडी वाढवून यातून सुटका नाही. न्यूट्रॉनला निमूटपणे गिळणारे कोणीतरी भिंतीत असले पाहिजे.

ते काम बोरॉनचे.

सोनार डाग जोडताना वापरतो त्या टाकणखारात बोरॉन असते. कॅरमच्या पटावर भुरभुरायच्या बोरिक पावडरीत तेच असते. मंद न्यूट्रॉन गिळण्याची त्याची भूक हायड्रोजनच्या दोन हजार पटींहून जास्त. खरी भूक त्याच्या दहा वस्तुमानांकाच्या समस्थानिकाची, आणि निसर्गातल्या बोरॉनमध्ये तो साधारण पाचात एक या प्रमाणातच असतो, तरीही एवढी. कॅडमियम याहून खादाड आहे, पण न्यूट्रॉन गिळल्यावर ते जोरकस गॅमा किरण ओकते. बोरॉनचे केंद्र न्यूट्रॉन घेऊन हेलियम आणि लिथियम अशा दोन तुकड्यांत फुटते. हे तुकडे भिंतीत केसाच्या जाडीइतकेही अंतर जात नाहीत आणि सोबत येणारा गॅमा किरण अर्ध्या दशलक्षाहून कमी ऊर्जेचा, काँक्रीटला किरकोळ. वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास बोरॉन मिसळले तरी भिंतीत जन्मणारे गॅमा किरण लक्षणीय घटतात.

मग टाकणखार पाण्यात विरघळवून काँक्रीटमध्ये ओतावा की! ज्यांनी हे करून पाहिले त्यांना सकाळी सेंट्रिंग काढल्यावर भिंत मिळाली नाही, चिखल मिळाला. विरघळलेले बोरेट सिमेंटच्या कणांभोवती कॅल्शियम बोरेटचे पातळ कवच करते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. सिमेंट उशिरा धरते, कधी धरतच नाही. संरक्षक काँक्रीटची पुढची कितीतरी वर्षे या एका पेचात गेली. न्यूट्रॉनला हवे ते सिमेंटला सोसत नाही.

वाट काढली ती कमी विरघळणाऱ्या खनिजांनी. त्यांत कोलेमनाइट सगळ्यांत उपयोगी ठरले. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत ते सापडले आणि सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी विल्यम कोलमन यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच खोऱ्यातून त्या काळी टाकणखाराचे गाडे खेचरांच्या लांबलचक तांड्यांनी वाळवंट तुडवत मोहावेच्या रेल्वेपर्यंत नेले जात. आज जगातला बोरॉनचा सर्वांत मोठा साठा तुर्कस्तानात आहे आणि कोलेमनाइटही मुख्यतः तिथूनच येते. भट्टीच्या अभियंत्याला या दगडात दुहेरी लाभ दिसला. त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास बोरॉनचा ऑक्साइड आणि पाचवा हिस्सा बांधलेले पाणी. गिळणारा आणि मंद करणारा एकाच खड्यात. तरी तोही थोडाफार विरघळतोच. त्याची बारीक भुकटी घातली तर पृष्ठभाग वाढून तीच जुनी तक्रार. म्हणून तो वाळूच्या किंवा खडीच्या आकारात घालायचा, सिमेंट लवकर धरावे म्हणून कॅल्शियम क्लोराइड किंवा चुना द्यायचा, नाहीतर बोरॉन काचेत वितळवून त्या काचेचा चुरा वापरायचा. जिथे पैशाचा प्रश्न नाही तिथे बोरॉन कार्बाइड. ते पाण्यात अजिबात विरघळत नाही, पण अतिशय कठीण असल्याने दळायलाही महाग आणि विकत घ्यायलाही.

१९५३ मध्ये ओक रिजमधल्या गॅलाहर आणि किट्झेस यांनी पोर्टलंड सिमेंटच्या संरक्षक काँक्रीटवरचा एक सारांश अहवाल लिहिला. एका दशकाच्या ठेचा त्यात एकत्र आल्या. त्या सुमाराला अमेरिकेत निरनिराळी मिश्रणे आजमावली जात होती. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनची संशोधन भट्टी १९५० मध्ये सुरू झाली, तिच्या भिंतीत लिमोनाइट हे पाणी बांधून ठेवणारे लोहखनिज होते आणि जोडीला पोलादी पंचिंग, म्हणजे प्लेटला भोके पाडताना पडणाऱ्या चकत्या. कारखान्याच्या जमिनीवरचा भंगार तुकडा भट्टीच्या भिंतीत मानाने बसला. साध्या काँक्रीटचा घनमीटर सुमारे २.३ टनांचा असतो. मॅग्नेटाइट, बराइट घालून तो साडेतीन टनांवर जातो आणि पोलादी तुकड्यांनी त्याच्याही बराच पुढे. एवढे जड काँक्रीट नेहमीसारखे ओतले, व्हायब्रेटर जरा जास्त फिरला, की पोलाद तळाशी. त्यामुळे काही ठिकाणी क्रमच उलटा केला गेला. साच्यात आधी खडी आणि पोलाद कोरडेच रचायचे, मग खालून नळीने सिमेंटचे पातळ कालवण दाबाने चढवायचे. खडी जिथे ठेवली तिथेच राहते.

मॅग्नेशियम ऑक्सिक्लोराइडचे सिमेंटही वापरून पाहिले, कारण ते पोर्टलंडपेक्षा कितीतरी जास्त पाणी बांधते. त्यातल्या क्लोराइडने आतले पोलादच गंजायला लागते. तो मार्ग फारसा पुढे गेला नाही.

उष्णतेचा प्रश्न अजून उरलाच होता. भिंत न्यूट्रॉन आणि गॅमा किरण अडवते म्हणजे त्यांची ऊर्जा स्वतःत घेते आणि तापते. शंभर अंशांच्या आसपास छिद्रांतले मोकळे पाणी निघून जाते, आणखी तापली की सिमेंटने बांधलेलेही सुटू लागते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॅनफर्डमध्ये साध्या आणि जड काँक्रीटच्या लाद्या मुद्दाम तापवून त्यांतून किती न्यूट्रॉन निसटतात हे मोजले गेले. तापलेली लादी दिसायला तशीच, वजनात किंचितच कमी, पण न्यूट्रॉनसमोर दुबळी. लिमोनाइटही दोन-तीनशे अंशांत आपले पाणी सोडून देते.

या जागी सर्पेंटाइन आले. हिरवट, तुकतुकीत, सापाच्या कातड्यासारख्या छटांचा हा मॅग्नेशियमचा दगड वजनाच्या बारा-तेरा टक्के पाणी स्फटिकाच्या रचनेतच बाळगतो आणि साडेचारशे अंशांपर्यंत ते सोडत नाही. सोव्हिएत अभियंत्यांनी त्याचा फार मोठ्या प्रमाणावर वापर केला. चेर्नोबिलच्या भट्टीवरचे झाकण, १७ मीटर व्यासाचे आणि तीन मीटर जाडीचे, सर्पेंटाइननेच भरलेले होते. वजन सुमारे दोन हजार टन. तिथले कामगार त्याला ‘एलेना’ म्हणत. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री वाफेच्या दाबाने ते उचलले गेले आणि तिरपे होऊन अडकले. न्यूट्रॉन अडवण्यात त्या दगडाची काहीच चूक नव्हती. भट्टीची रचना आणि ती चालवण्याची पद्धत यांतले दोष इतके खोल होते की कोणतेही झाकण पुरे पडले नसते. त्यानंतरच्या दिवसांत हेलिकॉप्टरमधून त्या उघड्या खाईत जे हजारो टन साहित्य टाकले गेले, त्यात शिसे, वाळू, चिकणमाती, डोलोमाइट यांच्यासोबत सुमारे चाळीस टन बोरॉनची संयुगेही होती. वैमानिक त्या धुरावर पुन्हा पुन्हा जात राहिले. सर्पेंटाइनच्या काँक्रीटचे कडे सोव्हिएत घराण्याच्या दाबाच्या पाण्याच्या भट्ट्यांतही असते, आणि त्या वाटेने ते तमिळनाडूत कुडनकुलमला येऊन पोचले आहे.

भारतात या विषयाची सुरुवात झाली ती तुर्भ्याला, आणि तीही निराळ्या मार्गाने. ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली अप्सरा ही जलकुंडातली भट्टी. कुंड सुमारे आठ मीटर खोल. गाभ्यावरचे पाणीच वरच्या बाजूचे संरक्षण. काठावर उभे राहून खाली पाहिले की निळसर उजेड दिसे आणि पाहणारा सुखरूप असे. भोवतीची भिंत काँक्रीटची. होमी भाभांच्या चमूने इंधन ब्रिटनचे घेतले, बाकी भट्टी इथे उभारली. अप्सरेचा गाभा कुंडात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवता येत असे आणि एका टोकाला खास संरक्षणाच्या प्रयोगांसाठी राखलेला कोपरा होता. ओक रिजच्या टाकीचे काम इथे या कोपऱ्याने केले. कल्पाक्कमच्या शीघ्र प्रजनक भट्टीसाठी पोलाद, सोडियम, बोरॉन कार्बाइड यांच्या थरांतून न्यूट्रॉन कसे झिरपतात याची मापे या कोपऱ्यात घेतली गेली. पुढे कल्पाक्कमला, महागड्या बोरॉन कार्बाइडला पर्याय म्हणून, फेरोबोरॉन हा पोलाद-कारखान्यात वापरला जाणारा लोखंड आणि बोरॉनचा मिश्रधातू तपासला गेला. त्याच्या चाचण्या तिथल्या छोट्या कामिनी भट्टीत झाल्या. अप्सरा २००९ मध्ये थांबली आणि तिच्या जागी २०१८ च्या सप्टेंबरात नवी, जास्त शक्तीची अप्सरा सुरू झाली.

आज न्यूट्रॉनच्या भिंती अणुऊर्जेपुरत्या राहिलेल्या नाहीत. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन किरणांनी कर्करोगावर उपचार होतात. प्रोटॉन यंत्राच्या भागांवर आणि रुग्णाच्या शरीरात आदळतात तेव्हा न्यूट्रॉन निघतात आणि त्यातले काही विखंडनाच्या न्यूट्रॉनपेक्षा कितीतरी पट वेगवान असतात. इतक्या वेगाला हायड्रोजन एकटा पुरत नाही. म्हणून अशा केंद्रांच्या भिंती काही मीटर जाडीच्या, भरभक्कम काँक्रीटच्या असतात. खोलीकडे जाणारी वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवतात, कारण प्रत्येक वळणावर न्यूट्रॉन भिंतीवर आपटून थोडा थकतो.

आणि निवृत्त झालेल्या भट्ट्यांनी एक नवेच काम पुढे ठेवले आहे. चाळीस-पन्नास वर्षे न्यूट्रॉन झेललेली भिंत स्वतः किरणोत्सारी होते. त्याला कारण असतात खडीत आणि सिमेंटमध्ये लेशमात्र असलेले युरोपियम आणि कोबाल्ट. युरोपियमच्या एका समस्थानिकाचे अर्धायुष्य साडेतेरा वर्षांचे, कोबाल्टचे सव्वापाच. भट्टी पाडायच्या वेळी भिंतीचा आतला थर कापून वेगळा काढावा लागतो, वेगळ्या पेटाऱ्यांत भरावा लागतो, वेगळ्या जागी ठेवावा लागतो. म्हणून आता नवी संरक्षक भिंत आखणारे अभियंते खाणीतून खडी घेण्यापूर्वीच तिची ही तपासणी करतात. कमी युरोपियमचा चुनखडक मिळतो का पाहतात, पांढरे सिमेंट घ्यावे का याचा हिशेब करतात. आणि भिंतीच्या आतल्या पहिल्या काही इंचांत बोरॉन घालतात, म्हणजे न्यूट्रॉन युरोपियमपर्यंत पोचायच्या आतच गिळला जावा. सिमेंट वेळेत धरेल ना, ही १९५० च्या दशकातली विवंचना त्यांच्या प्रयोगशाळेत आजही रोजची आहे. नमुन्याचे ठोकळे पाडून, पाणी मारून, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दाबयंत्राखाली फोडून ते ती तपासत असतात.